शहिदाच्या पेटीतला कापूर

१

वदादला गावी आणलं त्या दिवशी कळलं की ती पेटीत नाही.

वदाद माझी बायको. लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही गाव सोडून सूर शहरातल्या एका शाळेत आसरा घेतला होता. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं. पूल पडला आणि दवाखाना पलीकडे राहिला. ती वर्गातच गेली, फळ्याखाली अंथरलेल्या गादीवर. गावावर तेव्हा बाँब पडत होते, तिथे नेणं शक्य नव्हतं. म्हणून आमच्या रीतीप्रमाणे तिला समुद्राजवळच्या मोकळ्या जागेत अमानत म्हणून ठेवलं. पेटी मातीत ठेवायची आणि मातीला सांगायचं की ही तुझी नाही, आम्ही न्यायला परत येऊ. असं सांगून ठेवलं असेल तरच कबर पुन्हा उघडता येते. एरवी पुरलेल्याला हलवणं मोठं पाप.

जाण्याआधी ती म्हणाली होती, "मला परक्यांत ठेवू नकोस. रीमजवळ ने." रीम आमची मुलगी. लहानपणीच तापात गेली. गावच्या कब्रस्तानात रीमच्या शेजारची जागा वदादने स्वतःसाठी धरून ठेवली होती. तिथे कुणी तंबाखूची पानं वाळत घातली तरी भांडायची.

तहानंतर गाव मोकळं झालं, बदामाला फूल आलं, आणि मी तिला आणायला गेलो. पेटी निघाली. झाकणावर तिचं नाव होतं.

बाईला कबरीत उतरवताना आमच्यात भोवती चादर धरतात आणि धरणारे तोंड फिरवून उभे राहतात. चादरीच्या आत आम्ही तिघंच होतो: मी, सूरहून आलेले शेख मुईन, आणि वदादची थोरली बहीण हाजा ताहानी. पेटीतून काढून तिला उजव्या कुशीवर निजवायचं, कफनाची गाठ सोडायची आणि गाल मातीला टेकवायचा. हे काम नवऱ्याचं. मी पहारीने झाकण उचकटलं.

कफन नव्हतं. हिरवट पँट होती, लोकरीचं तपकिरी जाकीट, जाड मोजे. इतक्या महिन्यांनी माणसाचं जे उरतं ते होतं, पण दाढी कळत होती. डावी नडगी मोडली होती आणि तिच्यातून लोखंडी सळी वर आली होती.

पेटीत पुरुष होता.

२

हाजा ताहानींनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं, म्हणून आवाज बाहेर गेला नाही. शेख मुईन पांढरे पडले. चादरीबाहेर अख्खं गाव फातिहा म्हणत होतं.

"झाकण लावा," शेख पुटपुटले. "अबू निझार, झाकण लावा."

मी लावलं. खिळे ठोकले. "पेटीसकटच खाली घेऊ," मी मोठ्याने म्हणालो. "हालत नाजूक आहे." आणि शेखना हळूच म्हणालो, "अमानत म्हणा. जो कुणी आहे त्याला माझ्याकडे अमानत म्हणून ठेवा." त्यांनी तसं म्हटलं. त्यांचा आवाज कापत होता. गावाला वाटलं, दुःखाने.

संध्याकाळी परदेशातून, आबिदजानहून, माझ्या मुलाचा, निझारचा फोन आला. त्याच्यावरूनच मला अबू निझार म्हणतात. तिकडे त्याचं भांड्यांचं दुकान आहे, विमानं बंद होती म्हणून येऊ शकला नव्हता.

"झालं का, बाबा? आई पोचली?"

"झालं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

घरी बसवेना. चहा केला, तसाच ठेवला. वर उम्म कामिल घिरट्या घालत होती. शत्रूच्या टेहळणी विमानाला आमचे लोक उम्म कामिल म्हणतात. कटकट्या शेजारणीसारखं दिवसभर डोक्यावर भुणभुणतं म्हणून. मी उठलो आणि हाजा ताहानींकडे गेलो.

त्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. मला पाहून सुरी खाली ठेवली नाही.

"कुठे ठेवलंयस तिला?" त्याच आधी म्हणाल्या.

"मी? हे मी तुम्हाला विचारायला आलोय. तिला तुमच्या माहेरच्या गावी पुरा म्हणून शाळेत कोण रडत होतं? माझं नाव घेऊन 'नायिफच्या गावचं पाणी खारं, तिथे माझी बहीण कशी निजेल', हे कोण म्हणालं?"

"मी म्हणाले! तोंडावर म्हणाले! चोरायची असती तर गाडी करून राजरोस नेली असती, आणि तुला वर आमंत्रण पाठवलं असतं." त्यांनी कांदा पातेल्यात टाकला. "मूर्खा, मी तिला शेवटची आंघोळ घातली. बोरीच्या पानाचं पाणी, मग कापराचं, मग साधं. डाळिंबाच्या दोन हिरव्या काड्या काखेशी ठेवल्या. कापूर तर मी हात सैल सोडून टाकला. किड्यामुंग्यांना किती भ्यायची ती, तुला माहीत आहे. तो मेलेला बाप्या आत कुठून आला?"

"तो लढाईत पडलेला आहे," मी म्हणालो. "आंघोळ नाही, कफन नाही. अंगावरच्या कपड्यांत ठेवलाय, फक्त बूट काढलेत. शहिदाला तसंच ठेवतात."

"मग त्याचे लोक त्याला शोधत असतील की."

हे मला सुचलं नव्हतं.

मी वाहतूक पोलिसात होतो. नोकरी अपघातांचे पंचनामे करण्यात गेली. ड्रायव्हर काय सांगतो ते मी कधी फार ऐकलं नाही. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण कुठे आहे ते आधी बघायचो. झाकण परत ठोकताना मी तेच बघत होतो.

"हाजा, त्या झाकणाला जुन्या खिळ्यांची रिकामी भोकं आहेत. म्हणजे ते एकदा ठोकून काढलंय. पेटीच्या काठालाही जुनी भोकं आहेत. पण ही भोकं त्या भोकांसमोर येत नाहीत."

हाजा ताहानी म्हणाल्या, "पोलिसासारखं नको, माणसासारखं सांग."

"ते झाकण त्या पेटीचं नाही. वदाद तिच्याच पेटीत आहे. फक्त तिच्यावर दुसऱ्याचं झाकण आहे."

"मग दुसऱ्याची पेटी शोध. इथे काय बसलायस?"

३

समुद्राजवळच्या त्या जागेची राखण अबू दीब करतो. एकेकाळी मच्छीमार होता. मी पोचलो तेव्हा तो उलट्या बादलीवर बसून झातरचा मसाला लावलेली भाकरी खात होता.

"काय रे, परत?" तो म्हणाला. "माझ्याकडे आलेल्यांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही."

"वदादच्या शेजारी कोण होतं?"

त्याचं चावणं थांबलं. मग त्याने भाकरी गुंडाळून ठेवली आणि हात पुसले, मशिदीत शिरताना पुसावेत तसे.

"तुला माहीत नाही? अरे, भाग्यवान तुझी बायको. हाज अय्यूब होता तिच्या शेजारी!"

हाज अय्यूब कोण ते आमच्याकडे पोरालाही माहीत आहे. शत्रूशी लढणाऱ्या संघटनेचा दक्षिणेकडचा सेनापती. जिवंत असेपर्यंत त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, आणि मेल्यावर असा एक खांब राहिला नाही ज्याच्यावर तो चेहरा नाही.

"आम्हालाही कुठे ठाऊक होतं?" अबू दीब सांगू लागला. "पेटीवर भलत्याच कुणाचं नाव होतं. कुठला तरी साधा पोरगा समजून मी माती लोटली. तह झाल्यावर, तू यायच्या महिना-दीड महिना आधी, काळ्या गाड्या आल्या. त्या नावाची पेटी काढली आणि मग सांगितलं, हा हाज अय्यूब. मी ढसाढसा रडलो. पेटीला हात लावून चेहऱ्यावर फिरवला."

"उघडली होती?"

"वेडा आहेस? वरून हुकूम होता, उघडायची नाही. बाँबखाली गेलेला माणूस. कोणाला बघवेल?"

मला बसायला जागा हवी होती. त्याने बादली दिली.

"वदादला ठेवलं तो दिवस आठव," मी म्हणालो. "मी खड्ड्याजवळ होतो. मग काय झालं?"

"मग उम्म कामिल इतकी खाली आली की सगळे पळाले. तुला मीच ओढत लिंबाच्या झाडांखाली नेलं. शेख माझ्या पुढे. चपला टाकून पळाले!"

"दोन्ही पेट्या तेव्हा कुठे होत्या?"

"काठावर. शेजारी शेजारी. आपण परतलो तोवर दोन्ही खाली गेल्या होत्या, अर्धी मातीसुद्धा पडली होती. मी म्हटलं, शाब्बास, याच्यात जिगर आहे."

"कुणाच्यात?"

"रबीअच्यात. संघटनेचा. शहिदांचे दफनविधी तोच बघायचा ना? तो एकटाच पळाला नाही."

रबीअ माझ्या गल्लीत वाढला. लहानपणी माझ्या अंगणातले हिरवे बदाम चोरायचा, आणि वदाद त्याला मीठ नेऊन द्यायची.

४

रबीअकडे जाण्याआधी मी शेख मुईनना गाठलं. ते शिकवणी घेत होते. मला दारात पाहून पुस्तक मिटलं.

शेख माझ्याहून वयाने लहान, पण मान त्यांचा. तरी मी उभ्यानेच विचारलं.

"शेख, पेटी उघडली तेव्हा ताहानी किंचाळायच्या बेतात होत्या. मी पहार हातात धरून उभा. तुम्ही लगेच म्हणालात, झाकण लावा. तुम्हाला ठाऊक होतं?"

"अल्लाशपथ, नाही."

"मग शंका होती?"

त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. डोकं घामाने ओलं होतं.

"अबू निझार, बसा तरी. तुम्ही असे येरझाऱ्या घालता, मला सुचत नाही." मी बसलो नाही. "गावी निघण्याआधी एक जण आला होता. म्हणाला, अमुक बाईंना हलवताना पेटी न उघडता पुरली तर चालेल का? मी म्हटलं, अडचण असेल तर चालतं, पण नवऱ्याची इच्छा असेल तर उघडावी. तो म्हणाला, नवऱ्याला तुम्ही समजवा ना. फार आग्रह करत होता. मला वाटलं, तुमची काळजी. तुम्हाला बघवणार नाही म्हणून."

"तुम्ही मला काही समजवलं नाहीत."

"तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही. तुम्ही पहार घेऊनच गाडीतून उतरला होतात."

"तो एक जण म्हणजे रबीअ."

शेखनी मान हलवली. वदादचं नाव असलेल्या पेटीत काय आहे हे माझ्याआधी एकाच माणसाला ठाऊक होतं.

पण मला आधी एक खात्री करायची होती. सळी कुणाच्याही पायात असू शकते. अंदाजावर मी कधी कुणाचा परवाना जप्त केला नाही. मी तसाच बैरूतला निघालो.

५

बैरूतच्या दाहिया या उपनगरात हाज अय्यूबचा दर्गा अजून पुरा बांधून झालेला नाही. तरी आरसे लावलेत, झुंबर टांगलंय. बायकांच्या बाजूने रडण्याचा आवाज येत होता. जाळीला हिरव्या चिंध्या बांधलेल्या. एक म्हातारी जाळीला कपाळ टेकून म्हणत होती, "हाज, माझा मुलगा अजून सापडला नाही. तुम्ही दोघं एकत्र होतात. त्याला सांगा, आई वाट बघतेय."

मी तिथे उभा राहिलो आणि मला कळेना, हात कुठे ठेवू.

हाज अय्यूबचा धाकटा भाऊ जलाल तिथेच बसतो, आलेल्यांना कॉफी देतो. भला माणूस. मी दक्षिणेतला आहे म्हटल्यावर मला शेजारी बसवून घेतलं.

"फार दिवसांनी तुमच्या बाजूचं कुणी आलं," तो म्हणाला. "माझ्या भावाचा जीव तुमच्या डोंगरांत अडकलेला. ती बघा त्याची काठी." काचेच्या पेटीत काठी ठेवली होती. "तरुणपणी नडगीत गोळी लागली, तेव्हापासून आत लोखंड. म्हणायचा, जलाल, मी कधी विमानतळावर जाऊ शकणार नाही, यंत्र ओरडेल. जणू ते लोखंड नसतं तर त्याला कुणी विमानात बसू देणार होतं!"

तो हसला. मीही हसलो असेन.

"कबरीत तुम्हीच उतरलात?"

"मीच. पेटी घेतली खांद्यावर, आणि काय सांगू, शेख—"

"मी शेख नाही. अबू निझार."

"काय सांगू, अबू निझार, हलकी! माझा भाऊ दारातून आडवा जायचा, एवढा धिप्पाड. आणि पेटी कशी, एखादी लहान चणीची बाई असावी तशी. लोक म्हणाले, शहिदाला फरिश्ते उचलतात." त्याने आवाज खाली आणला. "आणि सुगंध. खाली ठेवताना पेटी थोडी कलंडली, फटीतून असा सुगंध आला की मी वर ओरडलो. स्वच्छ, थंड. सगळ्यांना आला. तुम्ही ऐकलं असेल, लोक त्याला चमत्कार म्हणतात."

"कसला सुगंध?"

"जन्नतचा, दुसरा कसला?"

"पण ओळखीचा होता? कशासारखा?"

त्याने जरा विचार केला. साधाभोळा माणूस, खोटं बोलत नव्हता. "कापरासारखा," तो म्हणाला.

मला उठून बाहेर जावं लागलं. रणात पडलेल्याला आम्ही आंघोळ घालत नाही. त्याच्या अंगाला कापूर लागतच नाही. हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाने तो वास घेतला आणि प्रत्येक जण रडला. कुणाच्याही मनात आलं नाही की आत कुणीतरी आंघोळ घातलेलं आहे.

बाहेर पायरीवर बसलो. जाळीआड बायका रडत होत्या. वदादसाठी मी आणि ताहानी सोडून तेव्हा कुणी रडलं नव्हतं, आणि आता अर्धा देश रडत होता.

६

रबीअ भावाच्या टायरच्या दुकानात बसला होता. वाळला होता. मला पाहून उठला आणि शटर निम्मं खाली ओढलं.

"काका, तुम्ही उघडलीत," तो म्हणाला.

"तू उघडू नका म्हणून फिरत होतास. मी तुझ्या दारी आलो नसतो तर काय केलं असतंस? मला माझ्या बायकोच्या नावाने त्याची बरसी करू दिली असतीस?"

त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः टायरवर बसला.

"काका, ते दिवस आठवा. एकामागून एक नेते मारले जात होते. हाज अय्यूबला मारलं त्या घराचा पत्ता जेमतेम मूठभर लोकांना ठाऊक होता. म्हणजे आमच्यातलाच कुणी तरी सांगत होता. मला हुकूम आला, खोट्या नावाने अमानत ठेव आणि ते नाव वर कळव. मी कळवलं. आणि मग खड्ड्याच्या काठावर उभा असताना उम्म कामिल वर भुणभुणायला लागली. मला वाटलं, नाव शत्रूलाही पोचलं. आता पेटीसुद्धा सोडणार नाहीत."

"म्हणून झाकणं बदललीस."

"सगळे पळाले होते. पहार होती. काका, बाईच्या पेटीला परका पुरुष हात लावत नाही. ना आमचा, ना आमच्यातला फितूर. मला याहून सुरक्षित जागा सुचली नाही. पेट्या एकाच सुताराच्या, सगळ्या सारख्या. मी खालाला मनात म्हटलं, थोडे दिवस सांभाळून घ्या. तुम्ही मला मीठ दिलंत, हेही द्या."

वदादला तो लहानपणापासून खाला म्हणायचा. मावशी.

"आणि तह झाल्यावर?"

"तह झाला तेव्हा मी कुठे होतो?" त्याने तळहात दाखवले, मनगटावर वळ होते. "मूठभरांपैकी मीही एक होतो ना. मला उचललं आमच्याच लोकांनी. भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोण फितूर, सांग. मी झाकणाचं कसं बोलणार? विचारणाऱ्यांतलाच कुणी फितूर असला तर? मी म्हटलं, सुटलो की स्वतः जाऊन बदलीन. सुटलो तर रस्त्यावर मिरवणूक निघून गेल्याची फुलं पडली होती."

"मग बोलायचंस."

"काय बोलू? ज्यांनी मला कालपर्यंत गद्दार म्हटलं त्यांना जाऊन सांगू की तुम्ही एका बाईला सेनापती म्हणून पुरलंत?" तो रडायला लागला होता, पण आवाज न करता. "मला वाटलं, पेटी बंद राहिली तर कुणालाच दुःख नाही. तुम्ही गावी जाल, फातिहा म्हणाल. लोक दर्ग्यात म्हणतील."

"ती म्हणाली होती मला परक्यांत ठेवू नकोस," मी म्हणालो.

 तो शर्टाच्या बाहीने नाक पुसून म्हणाला, "मी तुम्हाला हाज सिराजकडे नेतो. मला काय करायचं ते करू देत."

७

हाज अय्यूबनंतर जे उरले त्यांत हाज सिराज सगळ्यात वरचा. माझा फोन, घड्याळ, चष्म्याची डबीसुद्धा काढून घेतली. गाड्या बदलत एका साध्या घरात नेलं. बाल्कनीत कुणाच्या तरी लेकरांचे कपडे वाळत होते. हाज सिराज माझ्याहून थकलेला दिसत होता. एका जागी तोही बसत नव्हता. पडद्याजवळ जायचा, परत यायचा. कॉफी त्याने स्वतः ओतली.

मी सगळं क्रमाने सांगितलं, पंचनामा वाचावा तसं. झाकणाची भोकं, सळी, काठी, हलकी पेटी, कापूर. रबीअ दाराशी उभा होता. हाज सिराजने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"तू मला हे तेव्हाच सांगायला हवं होतंस," तो रबीअला म्हणाला.

"तेव्हा तुम्ही मला पाणीही देत नव्हता, हाज."

 मला वाटलं आता रबीअचं काही खरं नाही. पण हाज सिराजने मान खाली घातली.

"अबू निझार," तो म्हणाला, "तुमचं म्हणणं खरं आहे. काय हवंय तुम्हाला?"

"माझी बायको."

"रस्त्यावर लोक घरांविना आहेत. आम्ही नेते गमावले, गावं गमावली. त्यांच्यापाशी उरलाय तो दर्गा. आज तो उघडला तर उद्या शत्रूच्या वाहिन्यांवर काय दाखवतील? हे आपल्या सेनापतीलाही ओळखत नाहीत. ती म्हातारी, जी तिथे रोज येते, तिला मी काय सांगू?"

"तिला मी पाहिलंय. तिला काही सांगू नका. गुपचूप बदला."

"तिथे दिवसरात्र माणसं असतात. वर उम्म कामिल असते." त्याने छताकडे बोट केलं. "आत्ता नाही. निवडणुका होऊ देत, दर्ग्याचं काम होऊ दे. मग मी स्वतः बघतो."

"कधी?"

"कळवतो."

"येण्याआधी मी शेख मुईनना फोन करून विचारलं. ते म्हणतात, तिला दर्ग्यात कायमचं ठेवलं ते दुसऱ्याच्या नावाने ठेवलं. ती अजून अमानतच आहे. अमानत मागितली की द्यावी लागते."

"शेख बरोबर सांगतात," तो म्हणाला. "पण कबर शेख उघडत नाहीत." मग तो समोर येऊन बसला, पहिल्यांदाच. "हाज अय्यूब कुठे आहे?"

"माझ्या गावी. माझ्या मुलीच्या शेजारी."

"तो आम्हाला द्या. निदान तो तरी योग्य जागी असू दे. आमची माणसं उद्या येतील."

"येऊ द्या. पेटीवर बाईचं नाव आहे. गावच्या बायका कब्रस्तानाच्या दारात उभ्या राहतील, हाजा ताहानी सगळ्यांच्या पुढे. त्यांना काय सांगाल, परक्या पुरुषांना त्या पेटीत काय हवंय?"

रबीअने मान वळवली. हसू लपवत होता की रडू, मला कळलं नाही.

हाज सिराजने कप खाली ठेवला. "तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही. मीही अमानत सांभाळतोय. मागा, मी देईन. दोन्ही एकाच वेळी."

त्याने मला दारापर्यंत सोडलं. हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या घरवालीचं नाव काय होतं?"

"वदाद."

"वदाद," तो म्हणाला. "तिच्यासाठी मी फातिहा म्हणतो. रोज. ती तिथे आहे हे मला कळल्यावर मी दुसऱ्या कुणासाठी म्हणू शकणार नाही."

तो खरं बोलत असावा. पण त्याने काही होत नाही.

निवडणुका झाल्या. दर्ग्याला घुमट चढला. रबीअला त्यांनी काही केलं नाही. तो गावी परत आलाय आणि माझ्या घराचं पडलेलं छप्पर बांधतोय. हाजा ताहानी दर आठवड्याला बसने दाहियाला जातात, बायकांच्या बाजूला बसतात आणि त्या गर्दीत बहिणीशी घरच्या गोष्टी बोलतात. निझारला मी अजून सांगितलेलं नाही. हाज सिराजकडून निरोप आलेला नाही. मी दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा उत्तर आलं, आत्ता नाही.

रीमच्या शेजारी हाज अय्यूब आहे. वदाद दाहियात आहे. तिला आणायचं राहिलं आहे.